काचेवरची कमान

मित्रांनो, मी एक जुनी फोटोची काच आहे. पूर्वी वेधशाळेत आकाशाचे फोटो काचेवर घेत. माझ्यावर आकाश पांढरं आणि तारे काळे दिसतात. नवा माणूस म्हणतो, "माश्या बसल्यात वाटतं!" मी मनावर घेत नाही.

दुर्बिणीवर ताई असे, आणि अंधारखोलीत फोटो धुणारा तिचा सख्खा दादा. माझ्या मधोमध एक लंबगोल दीर्घिका उमटली, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकत्र कुटुंब. तिच्या बाजूला एक फिकट कमान होती. ती पाहून ताई हरखून गेली. तिला वाटे, दोन चपट्या, फिरत्या दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की अशी लंबगोल दीर्घिका होते. तारे सहसा आदळत नाहीत, मधे अंतरच एवढं असतं. पण त्या ओढाताणीत त्यांची शिस्तीची फेरी मोडते, जो तो आपल्या वाटेने फिरू लागतो आणि चपटा आकार फुगतो. वायू संपत येतो, नवे तारे फारसे जन्मत नाहीत. विस्कटलेल्या काही ताऱ्यांची कमान मात्र बाहेर रेंगाळते.

वेधशाळेचे मोठे साहेब हसले. "कमान कसली? तुमच्या दादांनी धुताना औषधाची थाळी नीट हलवली नाही, औषध साचलं. घासा ती काच आणि खिडकीला लावा."

ताईने घरी जेवताना विचारलंच, "दादा, खरं सांग, हलवली होतीस ना?"

दादा ताट सारून उठला. "तूसुद्धा?"

तेव्हापासून दोघांत अबोला. मी खिडकीच्या काचांच्या ढिगात पडले. मला भीती वाटत होती, पण त्या दोघांचं तुटलेलं बोलणं जास्त लागत होतं.

ताईने त्याच दीर्घिकेचा नवा फोटो घेतला. धुण्यातला दोष पुन्हा त्याच जागी कशाला येईल? साहेब म्हणाले, "या वेळी दुसऱ्या कुणाकडून धुऊन घ्या." ताई ती काच घेऊन सरळ अंधारखोलीच्या दारात उभी राहिली.

"दादा, तूच धू."

"आणि पुन्हा डाग पडला तर?"

"तर तो आकाशातला असेल."

दादाने काच घेतली. कमान उमटली, अगदी तिथेच. साहेबांनी मला ढिगातून मागवलं, आम्हा दोघी काचांना एकावर एक धरलं आणि ते घाईने म्हणाले, "अहो, ती जुनी घासू नका!"

"चुकलं माझं, दादा," ताई म्हणाली.

"चुकलंच. आता ही थाळी हलव, माझा हात भरून आलाय."

मित्रांनो, जुन्या काचा कोरड्या जागी ठेवा, कडेने धरा. अंधूक काही दिसलं, तर फडका उचलण्याआधी पुन्हा एकदा बघा. माणसावर ठपका ठेवण्याआधी तर बघाच. काच फार तर खिडकीला लागते. दुखावलेला माणूस जेवणावरून उठून जातो.