आधी चार घास

न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या सहलीचा बेत आखताना अभिनवने मोटेल पाहिलं, हवामान पाहिलं, वाइनरीला नेणारी व्हॅन बुक केली. स्वयंपाकघरात टांगलेलं मराठी कॅलेंडर तेवढं पाहिलं नाही. नेमकी शनिवारी संकष्टी निघाली. आणि त्याच्या आईची, शकुंतलाबाईंची, संकष्टी म्हणजे साबुदाणा-बटाट्याची चंगळ नव्हे. कोरा चहा आणि पाणी. बाकी चंद्र उगवेपर्यंत तोंडाला कुलूप.

एरवी त्याचं काही अडलं नसतं. पण या सहलीत त्याला आईबाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि त्यांच्या घरात वाईट बातमी उपाशी माणसाला सांगत नसत. आधी चार घास पोटात घालायचे, मग सांगायचं. आईचे वडील गेले तेव्हा बाबांनी तिला स्वतः वरणभात कालवून दिला होता. ते अभिनवने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

गोष्ट अशी, की मंदीच्या दणक्यात महिन्यापूर्वी त्याची नोकरी गेली होती. रोज सकाळी तो लॅपटॉपची बॅग घेऊन रोटोटुना उपनगरातल्या घरातून निघायचा आणि दिवसभर हॅमिल्टनच्या लायब्ररीत बसायचा. हे फक्त बायकोला माहीत होतं. आणि इकडे त्याच्याकडे पाहुणे म्हणून आलेले आईबाबा आता कायमचेच राहायचं म्हणून पुण्यातलं घर विकायला निघाले होते. सोमवारी त्यांचा पुतण्या शिरीष गिऱ्हाइकाकडून इसार घेणार होता.

"रविवारी परत याल ते सांगूनच या," प्रणिताने निघताना बजावलं होतं. तिला सुट्टी नव्हती. "एकदा घर हातचं गेलं, तर उद्या आपल्यालाच हा देश सोडायची वेळ आली की चौघं जाणार कुठे?"

म्हणून शनिवार उजाडल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी. डोक्याला पिसांची टोपी आणि गळ्यात मोत्यांची माळ घातलेली एक गोरी गाइड आजी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून शहर दाखवत होती. एकोणीसशे एकतीसच्या भूकंपात सगळं गाव बसलं, आगीत जळलं आणि मग एकाच घाटात पुन्हा बांधून काढलं. बाबा, म्हणजे गोपीनाथराव, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक इमारतीपुढे ते मान वर करून उभे राहत.

"लोखंड किती घातलंय, विचार तिला."

तंद्रीतल्या अभिनवने लोखंडाऐवजी भूकंपात माणसं किती गेली ते विचारलं. आजीने गंभीर होऊन आकडा सांगितला. गोपीनाथराव "एवढे टन?" म्हणून खूष झाले.

"असल्या गच्च्या आपल्या प्रभात रोडला होत्या की," शकुंतलाबाई म्हणाल्या. बँकेच्या इमारतीपुढेही त्या हेच म्हणाल्या आणि थिएटरपुढेही. पुण्याचं नाव त्यांच्या तोंडून जाईना. अभिनवला ते ऐकू येत होतं, पण त्याचं चित्त थाऱ्यावर असेल तर ना!

वाइनरीत ओळीने ग्लास मांडले होते आणि शेजारी एक भांडं.

"चव घेऊन यात थुंकायचं?" गोपीनाथराव चकित झाले. "मग पैसे कशाचे घेतात?"

अभिनवने एक थेंब थुंकला नाही. आपली वाइन संपवली, बाबांची राहिलेली संपवली, चीजची फळी रिकामी केली, तरी जिवाला चैन नाही. बाहेर वेलीखाली आई पाण्याचा ग्लास घेऊन बसली होती. तो द्राक्षांचा घोस घेऊन गेला.

"आई, थोडी तरी खा. फळ चालतं."

"मला चालत नाही, हे तुला आजच कळलं का?"

दुपारी समुद्रावर त्याने फिश अँड चिप्स आणले आणि चिप्स तिच्यापुढे सरकवले. "बटाटाच आहे गं."

"त्याच तेलात मासे पोहले असतील ना रे!" म्हणून त्यांनी पदराखाली हात घेतले आणि लेकाकडे निरखून पाहिलं. मग तोंड फिरवून त्या समुद्राकडे बघत बसल्या. तिला भूक लागली असेल, असं अभिनवला वाटलं.

चंद्रोदयाची वेळ इथल्या पेपरात भरतीओहोटीच्या शेजारी छापून येते. ती पाहून संध्याकाळी शकुंतलाबाईंनी मोटेलच्या इवल्याशा शेगडीवर वरणभात केला, घरून आणलेल्या मोदकांचा नैवेद्य दाखवला आणि तांब्या नव्हता म्हणून मगात पाणी घेऊन समोरच्या समुद्रावर गेल्या. पूर्वेला ढगांची भिंत उभी होती. अभिनव त्यांच्यामागे येरझाऱ्या घालत होता.

"वेळ झाली आई. ढगांमागे आहे तो. चल, जेव."

"कळतं मला," म्हणत त्यांनी ढगांकडेच तोंड करून अर्घ्य दिलं.

त्या आत येईपर्यंत अभिनवने पुढे धावत जाऊन ताट वाढलं होतं. नुसतं वाढलं नव्हतं. वरणभातावर तूप घालून तो आपल्या हाताने कालवूनही ठेवला होता. ते पाहून शकुंतलाबाई दारातच थांबल्या.

"अभि, कोण गेलं?"

"काय?"

"दमयंती ना?" त्यांची साताऱ्याची बहीण महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. "सकाळपासून मला भरवायला बघतोयस. आता तर भात कालवलास. हे असलं ताट माझ्यापुढे एकदा आलंय रे."

"कोणी गेलं नाही. देवाशपथ! तू आधी जेव."

"सांगितल्याशिवाय शिताला हात लावणार नाही."

"माझी नोकरी गेली, आई. महिना झाला."

शकुंतलाबाई खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. "मेल्या, दुपारपासून मी दमयंतीसाठी मनातल्या मनात रडतेय! नोकरी काय, दुसरी मिळेल."

"मग रोज बॅग घेऊन कुठे जात होतास?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"लायब्ररीत. बाबा, सोमवारी इसार घेऊ नका. घर असू दे. तुम्ही इतक्या हौसेने यायचं ठरवलंत, आणि मी..."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "सांगून टाक आता," गोपीनाथराव म्हणाले.

शकुंतलाबाईंनी डोळे पुसले. त्याच ताटातला एक घास घेतला, पण स्वतःच्या तोंडात न घालता लेकापुढे धरला.

"आ कर."

"तू जेव ना. उपास तुझा आहे."

"आधी घास घे."

तेव्हा अभिनवने ओळखलं, आता सांगायची पाळी तिची होती. त्याने तोंड उघडलं.

"शिरीषला आम्ही परवाच फोन करून इसार घेऊ नको म्हणून कळवलंय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुझ्या नोकरीचं तर आत्ता कळलं. आमचं मनच लागत नाही रे इथे, आम्ही आपले पुण्याला परत जातो. तू एवढा आनंदात होतास, सांगायला जीभ उचलेना."

घर वाचलं होतं. ज्याच्यासाठी दिवसभर तडफडला, ते न मागता पदरात पडलं होतं. भात मऊ होता, तूपही त्यानेच भरपूर घातलं होतं. तरी तो एक घास गिळायला अभिनवला पाणी मागावं लागलं.