बारावा हंगाम
चर्चमागच्या दालनात ओडेलनं तळलेल्या माशाची थाळी खाली ठेवली आणि हिरव्या टोपीवाल्या म्हातारीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

“अर्नेस्टीनमावशी! गुडघा काय म्हणतोय?”

“लक्षात ठेवलंस रे पोरा!” तिचे डोळे भरून आले. “नाहीतर आमची नातवंडं. समोरून जातात, ओळख दाखवत नाहीत.”

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या व्हर्डेलनं मान आणखी ताठ केली. तिचा लेक ओडेल अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाच्या बचावफळीत मधोमध उभा राहत आला होता. समोरचे काय करणार हे ओळखून दहा जणांना ओरडून जागा सांगायच्या, आणि चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं. सगळे डाव तोंडपाठ. मिसिसिपीच्या या कोपऱ्यातून इतक्या वर दुसरं कुणी गेलं नव्हतं, आणि गावाला त्याचा विसर पडू नये याची काळजी व्हर्डेल घेत असे.

“उद्या नव्या करारावर सही करतोय,” ती समोरच्या दाढीवाल्याला म्हणाली. “बारावा हंगाम. तेहतिसाव्या वर्षी तुम्हाला जिनासुद्धा चढवत नव्हता, ब्रदर हॉलिस.”

“अजूनही चढवत नाही, सिस्टर. पण मी आपटलो तर कुणी टाळ्या वाजवत नाही.”

सगळे हसले. व्हर्डेल हसता हसता थांबली. पुढच्या माणसाकडे वळण्याआधी ओडेल कोटाची डावी बाही जराशी वर सारत होता. एक नजर मनगटावर, मग हसू, मग नाव.

ती नजर तिनं टीव्हीवर शंभरदा पाहिली होती. डाव लक्षात न राहणारे खेळाडू मनगटाच्या पट्ट्यात कागद घालून मैदानात उतरतात. तिच्या लेकानं असला पट्टा कधी बांधला नव्हता. गावातल्या ज्या पोरांनी बांधला, त्यांच्या आयांना तिनं याच दालनात टोमणे मारले होते.

परतताना गाडी ओडेल चालवत होता. लाल दिव्याशी गाडी थांबली तेव्हा व्हर्डेलनं त्याचा हात ओढून बाही वर केली. त्यानं हात सोडवला नाही.

पट्ट्यातल्या प्लास्टिकखाली बारीक अक्षर होतं. चौथीत शाळा सुटलेली व्हर्डेल बोट ठेवून वाचत गेली. हिरवी टोपी, अर्नेस्टीन, गुडघा. दाढी, हॉलिस, बायको वारली, विचारायचं नाही. अशी वीसेक माणसं. सगळ्यात खाली: पेट्रोल पंपानंतर डावीकडे. पांढरं दार. आई.

“कधीपासून?”

“मागच्या हंगामापासून. रोज नसतं तसं.”

“संघात माहीत आहे?”

“नाही. डाव आठवतात ना, आई. डाव सगळे आठवतात.”

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. ओडेलनं गाडी पुढे काढली.

“उद्या सही करायची नाही,” ती म्हणाली.

“मग लोकांना काय सांगू? आपटून आपटून डोकं चालेनासं झालं म्हणून?” “तसं एकदा कळलं ना, की सगळे माझ्याशी सावकाश बोलायला लागतील. लहान मुलाशी बोलतात तसं.”

पेट्रोल पंप मागे पडला. ओडेलचा वेग कमी झाला, नजर बाहीकडे वळू लागली.

“डावीकडे,” तो बघायच्या आत ती म्हणाली.

घरी पोचल्यावर तिनं टोपीसुद्धा काढली नाही. स्वयंपाकघरातला फोन उचलला. अर्नेस्टीनला सांगितलेलं संध्याकाळच्या आत गावभर होतं.

“अर्नेस्टीन, व्हर्डेल बोलतेय. ओडेल खेळणं सोडतोय. माझ्यापायी.” ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. “आताशा माझ्या काही लक्षात राहत नाही गं. काल गॅस तसाच चालू राहिला. एकटीला नाही होत.”

पलीकडून अर्नेस्टीन एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं, फार मायेनं बोलू लागली. आम्ही... सगळ्या... येत... जाऊ... हं.

व्हर्डेलनं तिला पुरतं बोलू दिलं.

“हो,” ती म्हणाली. “या.”