मिठाच्या खड्यापायी अडलेला पोळा

मानवजातीच्या इतिहासात जेवढी महायुद्धं झाली, ती राज्यासाठी, धर्मासाठी नाहीतर अब्रूसाठी झाली. उमरखेडच्या अन्सार मिस्त्रीच्या दुकानातलं तेवढं मिठाच्या खड्यापायी झालं, आणि त्यात पहिला बळी गेला तो दुरुस्तीला आलेल्या एका मिक्सरचा.

मिक्सर लिंबाजीनं फेकला. तो नानाजीच्या कपाळावर फुटला. नानाजी पडला, पण पडता पडता पंख्याचं पातं हाताशी घेऊन पडला, आणि ते त्यानं लिंबाजीच्या नडगीवर असं हाणलं, की हाड वाजलेलं समोरच्या पानठेल्यावर ऐकू गेलं. दोघं चुलतभाऊ. अन्सारनं मध्ये न पडता रेकॉर्ड प्लेअर तेवढा उचलून पोटाशी धरला. माणसाचे टाके कुठंही घालून मिळतात. जुना पार्ट मिळत नाही.

भांडण जुनं होतं. त्यांच्या गावी पोळ्याच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी जायची ती त्यांच्या आज्याची. आजा झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणायचा, जोडी तोरण तोडायची, मग बाकीचे बैल सुटून पोळा फुटायचा. आज्याच्या उतारवयात मुंबईचा एक कंपनीवाला आला, त्याच्या झडत्या भरून घेऊन गेला आणि एक तबकडी घरी पाठवली. त्या तबकडीच्या शेवटी आज्यानं आपल्यामागं मान कोणाचा, ते सांगून ठेवलं होतं. पुढं आजा गेला, पाठोपाठ प्लेअर मुका झाला. तो दुरुस्त करायची घाई दोघांच्याही बापांनी केली नाही. आता नानाजीला स्वच्छ आठवत होतं की आज्यानं त्याच्या बापाचं नाव घेतलं. लिंबाजीला तेवढंच स्वच्छ आपल्या बापाचं आठवत होतं. म्हणून दर पोळ्याला ज्याचं डोकं कमी फुटेल, त्याची जोडी पुढं, असा रिवाज पडला. यंदा पंच कंटाळले. तबकडी तोरणाखाली वाजवा म्हणाले. आजा सांगेल ते खरं. म्हणून मुका प्लेअर घेऊन दोघं अन्सारकडं आले होते.

हाणामारीला दम लागला तेव्हा अन्सारनं प्लेअर खाली ठेवला आणि जुन्या डब्यातून शोधून काढलेलं क्रिस्टलचं कार्ट्रिज दांडीच्या टोकाला बसवलं.

"सुईच्या वरच्या डबीत मिठाच्या जातीचा खडा असते," तो म्हणाला. "सुई थरथरली का खडा दबते, त्याचा आवाज होते. ओल लागली का गेला कामातून. जपजा, नानाजी. याचा जोडीदार माह्यापाशी नाही."

"मले शिकवून राह्यला काय?" कपाळाला फडकं दाबून नानाजी म्हणाला. "जिंदगी बियाणं सांभाळण्यात गेली माही."

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, झुली घालून, शिंगं रंगवून. तांड्यावरच्या धनसिंगानं आपल्या पिकअपवरचा भोंगा जोडून दिला. नानाजीनं सुई टेकवली. तबकडी फिरली. आजा बोलेना.

"तुह्या बापाचं नाव असतं तं बोलला असता ना म्हातारा," लिंबाजी म्हणाला.

नानाजीनं उत्तर म्हणून त्याचे समोरचे दात पाडले. लिंबाजीनं त्याचा कान चावला, आणि तो सोडायला लावायला गेलेल्या पोलीस पाटलाचं बोट मोडलं. मग सोयरे उतरले. बैलगाडीची उभारी चालली, बैल हाकायची तुतारी चालली, एकाच्या बरगड्यांवर बैलाचं बाशिंग चाललं. मारुतीच्या पारावर इतकं रक्त सांडलं, की शेंदूर कुठला आणि रक्त कुठलं ते दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याला वास घेऊन ठरवावं लागलं. बैल तेवढे आपापल्या घरी निघून गेले. तोरण तसंच लटकत राहिलं. पोळा फुटला नव्हता. बाकी सगळं फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी धनसिंगानं दोघांना पिकअपमध्ये घालून उमरखेडला आणलं. एकाला पुढं बसवलं, एकाला मागं बांधलं. "संध्याकाळी पंच पुन्हा बसून राह्यले," तो अन्सारला म्हणाला. "यायले तबकडी ऐकवा, भाई. मी च्या पिऊन येतो."

अन्सारनं कार्ट्रिज उघडलं. आत खडा वितळून लापशी झाली होती.

"काय केलं, नानाजी?"

"काही नाही. ऊन दाखवलं."

"ऊन?"

"तुम्हीच म्हणले, ओल लागू देऊ नका. बियाण्याले ओल लागाची भीती असली का आम्ही टिनावर ऊन दाखवतो. दिवसभर ठेवलं वर. मस्त तापलं होतं."

आयुष्यात कोणावर हात न उचललेल्या अन्सारनं हातोडी उचलली. पण नानाजीच्या डोक्यावर मोकळी जागा दिसेना, म्हणून ती परत ठेवली. मग त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखलेलं चिनी मातीचं नवं कार्ट्रिज काढलं. "याले ऊन चालते, पाणी चालते, तुम्ही दोघंबी चालता," म्हणत त्यानं ते बसवलं आणि सुई टेकवली.

खरखरीतून आजा निघाला, ताजा, दणदणीत.

"काळ्या रानात पेरली तूर, बैल माहा धनी अन् मी मजूर! हर हर महादेव!"

दोघा भावांचे डोळे भरले. निदान जे उघडत होते ते. नानाजीनं लिंबाजीच्या खांद्यावर हात टाकला. लिंबाजीनं सवयीनं तो पिरगाळला. तेवढ्यात आजा शेवटाला आला.

"आता ऐका. माहे दोनही लेक भांडखोर. यायले मान देल्ला तं गावात पोळा फुटाचा नाही, टाळकी फुटतील. माह्या मागं पहिली जोडी तांड्याच्या बादल नायकाची. संपलं."

तबकडी नुसतीच फिरत राहिली. बादल नायक म्हणजे धनसिंगाचा आजा. धनसिंगाची जोडी आजवर सगळ्यात मागं, उकिरड्यापाशी उभी राहत आली होती.

दुकानात कोणी कोणाला मारलं नाही. अन्सारला तेच जास्त भयंकर वाटलं. रस्त्यापलीकडं धनसिंगानं चहाचा ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं आणि तो दुकानाकडं निघाला.

नानाजीनं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजीनं मान हलवली. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"अन्सारभाई," नानाजी हळूच म्हणाला, "तो मिठाचाच परत बसवून द्या ना."