कोपरा फाटलेलं पत्र

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. विजेच्या खांबावरची नव्हे, पत्रं खोवायची. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा आणि मध्ये हातभर लोखंड. घरात आलेलं पत्र वाचून झालं की माझ्या टोकात खोवायचं आणि मी ते सांभाळायचं, ही माझी चाकरी.

माझी गोष्ट मी तक्रारीनंच सुरू करणार आहे. मनात एक ठेवून तोंडानं गोड बोलणं लोखंडाला जमत नाही. माझी तक्रार आहे जोतीरामतात्यांबद्दल. गावात चार बुकं शिकलेला माणूस. कुणाची कोर्टाची नोटीस असो, तलाठ्याचा कागद असो, तात्या चष्मा पुसून, घसा खाकरून, सावकाश वाचून दाखवायचे. दुसऱ्याचं सगळं वाचलं. आणि स्वतःच्या घरातलं सगळ्यांत मोलाचं पत्र मात्र त्यांनी न वाचता फाडलं. ते पत्र माझ्यावर यायचं होतं. आलं नाही.

माझा जन्म इंदापूरच्या लोहाराच्या भट्टीतला. गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवून झाल्यावर उरलेल्या तुकड्यातून त्यानं मला ठोकून काढलं आणि बाजाराच्या दिवशी कुलपं, विळे, उलथनी यांच्या रांगेत मांडलं. तिथं मला कळस गावच्या द्वारकाबाईंनी पाहिलं. हातात घेऊन म्हणाल्या, "ही तार हाय का शेवयाची काडी? वाऱ्यानं वाकंल." लोहार म्हणाला, "बाई, तुमी वाकाल, ही वाकायची न्हाय." द्वारकाबाईंना उलट बोलणारा माणूस आवडायचा. त्यांनी मला पिशवीत टाकलं.

कळसला त्यांच्या सोप्यात, दारालगतच्या खांबावर मला टांगलं. द्वारकाबाई तरुणपणी विधवा झालेल्या. दुसरीपर्यंत शाळेत गेलेल्या, छापील अक्षर बोट ठेवून लावायच्या. लिहायची सवय मोडलेली. पण त्यांची जीभ म्हणजे नव्यानं धार लावलेला विळा. थोरला मुलगा सर्जेराव शेत बघायचा. धाकटा सोपान आणि त्याची नवी बायको कौसल्या. आणि घरातच राहणारे धाकटे दीर जोतीरामतात्या, ज्यांना द्वारकाबाई 'भावजी' म्हणायच्या. घरात नीट लिहिता-वाचता येणारे ते एकटेच.

सुरुवातीला माझ्यावर बाजारात विकलेल्या भाजीच्या हिशेबाच्या पट्ट्या आणि लग्नाच्या पत्रिका असायच्या. तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मग एका वैशाखात सोपान घरातून गेला, आणि माझं आयुष्य बदललं.

झालं असं की, सोपान भजनात रमला आणि कॅनॉलच्या पाण्याची पाळी चुकली. वांग्याचं अख्खं रान वाळलं. द्वारकाबाई सोप्यात, माझ्यासमोर, त्याला म्हणाल्या, "येवढा देव लागून राहिलाय तर जा की देवाकडं. हितं गिळायला कशाला येतोस?" तो उठला, नरसिंहपूरच्या जत्रेला गेला आणि तिथं उतरलेल्या बैराग्यांच्या जमातीबरोबर निघून गेला. संगमावर अंघोळ करताना कुणी पाहिला, तेवढंच.

द्वारकाबाई त्या दिवसापासून जेवताना बोलायच्या बंद झाल्या. एक दिवस मात्र ताट सारून उठल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "भावजी, दौत काढा. राजाला पत्र लिवायचं हाय."

"कुठल्या राजाला?"

"जे असतील त्या समद्यांस्नी. बैरागी कुठं बी हिंडूंद्यात, जेवणार राजाच्या अन्नछत्रातच. शिधा देताना कोठीवाला तोंड बघतोच की."

"वैनी, राजेलोकांची राज्यं गेली आता."

"राज्य गेलं आसंल. डोळं गेलं न्हाईत."

तात्या लिहायला बसले. "श्रीमंत, अखंडित लक्ष्मी अलंकृत, राजमान्य..." अशी सुरुवात झाली ती पोस्टकार्ड अर्धं भरलं तरी संपेना. द्वारकाबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या नमस्कारानंच कारड भरलं. माझा पोरगा कुठं लिवणार, तुमच्या पाठीवर? 'रामराम' लिवा. रामराम राजाला बी बोचत न्हाय." तेव्हापासून कार्डं बंद झाली आणि लिफाफे आले.

मित्रांनो, पत्राला उत्तर येईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. पण आलं. दक्षिणेकडच्या एका संस्थानच्या राजेसाहेबांनी कारभाऱ्याकडून न लिहवता स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. 'आमचे अन्नछत्र बंद झाले आहे. तरी जुन्या कोठीवाल्यास बोलावून विचारले. असा मुलगा त्याच्या स्मरणात नाही. आमचाही मुलगा समुद्रापार आहे, म्हणून आपले पत्र दोनदा वाचले.' वर राजमुद्रेचा ठसा होता. द्वारकाबाई हात धुऊन, पदराला पुसून मगच त्या ठशाला शिवल्या. म्हणाल्या, "राजा झाला तरी बापच की." आणि त्यांनी स्वतः ते पत्र माझ्यात खोवलं. माझी मान ताठ झाली. वांग्याच्या पट्टीशेजारी राजा!

मग एका राणीसाहेबांचं पत्र आलं. आत सुनेसाठी खणाचा तुकडा होता. मठांना पत्रं गेली, तिकडूनही उत्तरं आली. कुणी अंगाऱ्याची पुडी धाडली, कुणी आशीर्वाद, कुणी 'मातोश्री, शोध ठेवतो' एवढंच. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती. सोपान तिथं नव्हता.

तरी गावाला अप्रूप वाटलं. लोक मला बघायला यायचे. जळोचीहून द्वारकाबाईंच्या विहीणबाई साखरबाई आल्या, कौसल्येची आई त्या. कंदील वर धरून म्हणाल्या, "बाई बाई! आमच्याकडं तर पाव्हण्याचं पत्र यायला बी महिना लागतुया." द्वारकाबाई म्हणाल्या, "पाव्हण्याला काम नसतंया. राजाला आसतंया, म्हणून त्यो लगी लिवतो." तात्यांचाही मान वाढला. लोक त्यांना 'दरबारी तात्या' म्हणायला लागले, आणि ते चष्मा अजूनच सावकाश पुसायला लागले.

अशी काही वर्षं गेली. कौसल्या रोज कुंकू लावायची, सोपा झाडायची, आणि झाडताना माझ्यावरची धूळ पदरानं पुसायची. तिला वाचता येत नव्हतं. पण कुठलं पत्र कुठून आलं ते तिला रंगावरून पाठ होतं.

त्या साली दसरा झाला आणि परतीचा पाऊस लागला. द्वारकाबाई नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला गेल्या होत्या. पोस्टमन महिपती भिजत आला, ओट्यावर लिफाफा टाकला आणि ओढा चढायच्या आत पलीकडं जायचं म्हणून पळाला. तात्यांनी लिफाफा उचलला. नर्मदेकाठच्या मठाचा तांबडा शिक्का मला खांबावरून दिसला. मला वाटलं, आला अजून एक पाहुणा.

पण तात्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. लिफाफ्याचा एक कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडची रीत तुम्हांला ठाऊक असेल. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मेल्याची खबर. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेर उभं राहून नाव बघायचं, फाडायचं, पाण्यात सोडायचं आणि अंघोळ करायची.

सर्जेराव गोठ्यातून आला. "तात्या, काय वो?"

"कोपरा."

"वाचा तरी."

"काय वाचू, सर्जा?" तात्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. "त्या मठाला आपण एकाच माणसाचं इचारलं हुतं."

कौसल्या पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिच्यासमोर तात्यांनी तो लिफाफा आडवा फाडला, उभा फाडला आणि दारापुढच्या पाटाच्या पाण्यात सोडला. मी ओरडले असते, मित्रांनो. तारेला तोंड नसतं.

शेजारची फुलाबाई आली, आणखी बायका आल्या. कौसल्येच्या बांगड्या सोप्यातल्या जात्यावर फोडल्या. काचांचा आवाज फार नव्हता.

द्वारकाबाई आल्या तेव्हा गल्लीच्या तोंडापासून रडणं ऐकू जात होतं. त्या रडल्या नाहीत. सोप्यात आल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "पत्र कुठाय?"

"फाडलं, वैनी. पाण्यात सोडलं."

"काय हुतं त्यात?"

"कोपरा गेला हुता, वैनी. वाचलं न्हाय."

"वाचल्याबिगर मेला माझा पोरगा? फुलाबाई, कासाराला बोलवा. भरा हिच्या बांगड्या!"

फुलाबाई हळूच म्हणाली, "आशा लगी भरत न्हाईत, बाई."

आणि कौसल्याच म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या. खरं काय ते कळूंद्या आदी."

मठाला पुन्हा लिहायचं ठरलं. पण भाऊकी म्हणाली, सुतकातून मठाला कागद धाडू नये. तात्याही तेच म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच द्वारकाबाई कुणाला उलटून बोलल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. सुतक फिटलं तेव्हा उठल्या आणि म्हणाल्या, "आता लिवा." पत्र गेलं.

उत्तर मार्गशीर्षात आलं. या वेळी लिफाफा चारी कोपऱ्यांनी धड होता आणि महिपती ओट्यावर थांबला. तात्यांनी माझ्याखाली उभं राहून वाचलं.

'मातोश्री द्वारकाबाई यांस आशीर्वाद. आपले पत्र वाचून आश्चर्य वाटले. आपला मुलगा सोपान चातुर्मासासाठी आमच्याच मठात आहे, हे आम्ही आश्विनात कळवले होते. तो तापाने आजारी होता, नंतर बरा झाला. आईने ये म्हटले तर कार्तिकी एकादशी होताच घरी जाईन, असे त्याने सांगितले होते, तेही आम्ही लिहिले होते. त्याने उत्तराची वाट पाहिली. एकादशीनंतर जमात उत्तरेकडे निघाली, तिच्याबरोबर तोही गेला. आपले दुसरे पत्र त्यानंतर पोचले. जमात कोणत्या वाटेने गेली, हे आम्हांस ठाऊक नाही.'

महिपतीनं डोक्याला हात लावला. "बाई, त्यो कोपरा पावसानं गेलता वो. थैलीत दोन लिफाफं एकमेकाला चिकटलं हुतं, सोडवताना फाटला. ओढा चढत हुता, सांगायला थांबलो न्हाय म्या."

त्या दिवशी कासार आला. कौसल्येच्या हातात पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या. ती सवाशीण झाली, मित्रांनो. नवरा जिवंत आहे एवढंच तिला मिळालं, नवरा मिळाला नाही. सोपान पुढं आला नाही. जमात काशीकडं गेली असं कुणी म्हणालं, कुणी आणखी वर.

माझंही पुढं तेच झालं जे जुन्या वस्तूंचं होतं. सर्जेरावानं कागदांसाठी पत्र्याची पेटी आणली. मला गोठ्यात टांगलं. आता माझ्यावर बियाण्याची मक्याची कणसं असतात. गंजले आहे. पण ज्या टोकात राजाचं पत्र खोवलं होतं ते टोक अजून बोथट झालेलं नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला वर्षातून एकदा तेल लावा. आणि तुमच्याकडं पत्र आलं, मग त्याचा कोपरा फाटलेला असो की अख्खं पत्र भिजलेलं, ते आधी वाचा. लिहिणाऱ्यानं कुठंतरी दिवा जवळ ओढून ते लिहिलेलं असतं. भीती वाटली तर वाचून मग भ्या.

हे मी सांगते ते फार मोठं शहाणपण नाही. त्या मार्गशीर्षातल्या दिवशी तात्या पत्राची घडी घालत म्हणाले, "वैनी, म्या रीत पाळली. कोपरा गेलेला कागद घरात घेत न्हाईत." तेव्हा द्वारकाबाईंनी माझ्यावरची सगळी पत्रं एकेक करून उतरवली, तात्यांच्या पुढ्यात मांडली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या:

"भावजी, हा राजा. ह्याचं माझं ना गोत, ना गाव. ह्यानं माझं पत्र दोनदा वाचलं. ही राणी, हिनं वाचलं. हे महंत. ह्यांनी तर घरदार सोडलंया, कुणाच्या पोराशी ह्यांना घेणं न्हाय, त्यांनी बी वाचलं. तुमी घरचं. सोपान तुमच्या खांद्यावर बसून जत्रा बघायला जायाचा. तुमाला वाचता येत हुतं, आन तुमी वाचलं न्हाय. ह्याला रीत म्हणू नगा. तुमी भ्याला. पोराला घालवलं माझ्या तोंडानं, त्यो गुन्हा माझा, त्यो मी भोगीन. पर त्यो माघारी येत हुता, त्याला तुमी वाटंतनं परतवलं. घरात ऱ्हावा, तुमचं ताट कुणी काढणार न्हाय. पर ह्या घरचा कागद आता तुमच्या हाती पडायचा न्हाय. ती दौत सरकवा हिकडं. 'ये' येवढंच लिवायचं हाय. तेवढं मला येतंय."