बिनपोटाचं जेवण

माझं पोट डॉक्टरांनी काढून टाकलंय. आतडं वर ओढून थेट अन्ननळीला जोडलंय. एका वक्ताला मूठभरच जातं, म्हणून दिवसभर खावं लागतं. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, वच्छलाबाई शेळीवानी चरती. चरते तर चरते. त्यांच्या बापाचं काय जातंय?

आधी आई गेली, मग धाकटी बहीण विमल, पस्तिशीत. दोघींचं पोटच. गाव म्हणायचं देवीचा कोप, कुणी म्हणायचं बोअरचं पाणी. मग माझी पाळी आली, तवा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. त्या म्हणाल्या, कोप-बिप काही नाही. पोटाच्या आतल्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात, आणि धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ई-कॅडहेरिन. नाव पाठ केलंय मी. आमच्या घराण्यात ते बनवणारं जनुकच बिघडलेलं, आईकडून लेकरांत आलेलं. प्रथिन नसलं की पेशीची पकड सुटती आन् ती एकटीच गुपचूप आत घुसत जाती. गाठ धरत न्हाई, म्हणून दुर्बिणीतून बी लवकर दिसत न्हाई. दिसतं तवा वेळ गेलेली असती.

मला आमची दूध सोसायटी आठवली. दुष्काळ पडला तसा एकेक सभासद असाच आवाज न करता सुटला आन् खासगी डेअरीला जाऊन मिळाला.

डॉक्टरीणबाईंनी अजून एक सांगितलं. "तुमच्या भावाचं रक्त तपासा. त्यांचं चांगलं निघालं तर त्यांच्या मुलीला हा धोका नाही. बिघडलेलं निघालं तर मुलीत येण्याची शक्यता निम्मी, म्हणून तिचंही तपासू. तिलाही असलं, तर रोग व्हायच्या आधी पोट काढता येतं. ती जगेल."

माझा भाऊ विठ्ठलराव त्याच सोसायटीचा चेअरमन. लेक एकच, शिवकन्या. तिला एवढंच ठाव की आत्याचं ऑपरेशन झालंय. पुढचं सांगायची मला घरात बंदी. उन्हाळा लागल्यापासून मी त्याच्या मागं लागलेली, रक्त दे बाबा. त्याचं एकच, "अक्का, कशापायी हात दाखवून अवलक्षण करू?"

अशात शिवकन्येला तलवाड्याचं स्थळ आलं. कालव्यावरचं रान, पोराचा बाप दूध संघावर संचालक, आमची जनावरं त्याच्याच चारा छावणीत बांधलेली. पण त्यांच्या कानावर गेलतं की ह्या घरच्या बायांची पोटं धड न्हाईत.

"सोयऱ्यांच्या पंगतीत तू बस," विठ्ठलराव म्हणला. "पुरणपोळीचं भरलं ताट. समद्यांदेखत संपव, म्हणजे बोलणाऱ्याची तोंडं बंद होतील."

"मला गोड सोसत न्हाई, ठाव हाय ना तुला? घाम फुटतो, काळीज उडतं."

"एक दिवस, अक्का. पोरीसाठी."

मी म्हणले, "बरं. मी ताट संपवते, तू रक्त द्यायचं." त्यानं माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

पंगतीत पोराची आई बायनाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. स्वतःच्या ताटापेक्षा माझ्या ताटाकडंच तिचं ध्यान. पहिली पोळी मी तुपात बुडवून कशीबशी उतरवली. दुसरी शिवकन्येनंच वाढली, नव्या साडीत, हसत. अर्धी झाली आन् पाठीतून घाम निथळायला लागला. पंगत डोळ्यांपुढं हलत होती. मी पोरीचं तोंड बघत घास गिळत राहिले.

"चांगल्या जेवता की तुमी," बायनाबाई म्हणली. "लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

हात धुवून माणसं बसली आन् सुपारी फुटली.

मी गोठ्यामागं जाऊन समदं ओकले. आतडी बाहेर येत्यात का काय, असं झालतं. विठ्ठलराव पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी म्हणले, "झालं तुझ्या मनासारखं? आता उद्याच्या गाडीनं दवाखान्यात चल."

"न्हाई जायचं, अक्का."

"बेइमान हायस तू. मला ढोरावानी चारून घेतलंस आन् आता शब्द फिरवतोस?"

तो रिकाम्या गव्हाणीवर बसला. "रक्त देऊन काय कळायचंय? दिवाळीपासून दोन घासांत पोट भरतंय. आज तू दोन पोळ्या खाल्ल्यास. मला अर्धी गेली न्हाई."

आईचं असंच सुरू झालतं. विमलचं बी. माझ्या तोंडून शिवी निघंना. धाकटा भाऊ माझा, ह्याला मी कडेवर घेऊन वाढवलेला.

"दवाखान्यात दाखवलंस?"

"कळलं असतं तर ही सोयरीक झाली असती का? मी उभा हाय तवर तिचं लगीन होऊ दे. मग काय सांगायचं ते सांग तिला."

"आन् तवर तिच्या पोटात सुरू झालं तर?"

"निम्मी आशा हाय ना," तो म्हणला. "तिच्यात नसंल बी."

निम्म्या आशेवर लेक पणाला लावली होती त्यानं. मला रडू आलं, आन् संताप बी आला. मी तोंड धुतलं, पदर खोचला आन् ओसरीसमोर गेले. बायनाबाई पान लावत बसलेली, शेजारी शिवकन्या.

"शिवकन्ये, ऊठ," मी समद्यांना ऐकू जाईल असं म्हणले. "आपल्या घरात पोटाचा कॅन्सर हाय, रक्तातून येणारा. तुझ्या बापाला त्यानंच धरलंय बहुतेक. तुझं रक्त तपासायला जायचंय."

बायनाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. शिवकन्या आधी हसली, आत्या चेष्टा करतीय असं वाटलं तिला. मग तिनं बापाकडं बघितलं.

"अक्का, मारलंस मला," विठ्ठलराव मागून म्हणला.

"तू तर चाललाच हायस, बाबा," मी म्हणले. "हिला न्हाई नेऊ देणार तुझ्यासंगं."