निंदून टाकलेला माका

आमच्या हिचं डोकं कधी कुठे चालेल, सांगता येत नाही. आषाढात मला म्हणाली, केळीच्या बागेखालचा तो पाणथळ कोपरा मला द्या, मी माका लावते. मला वाटलं, थट्टा करतेय. माका म्हणजे काय ते केळीवाल्याला विचारा. जिथे ओल तिथे हा हजर. बोटभर पान, बारीक पांढरं फूल. माझी तीस वर्षं तो निंदण्यात गेली. मी म्हटलं, "लता, उपटून उपटून हात गेले तरी मरत नाही मेला, अन् तू तो लावणार?"

पण तिने आधीच जळगावचा जिनेशभाऊ गाठला होता. केसांच्या तेलासाठी तो जडीबुटी विकत घेतो. त्याला नाल्याकाठचा कसाही गोळा केलेला माका नको होता, शेतात लावलेला, एकसारखा हवा होता. दसऱ्याला येऊन पीक बघतो म्हणाला, पसंत पडलं तर दरवर्षी घेईन. मग मीही अट घातली. त्याला पसंत पडलं नाही, तर पुढच्या वर्षी तिथे केळीच लागेल. लताने वाफे केले, रोपं केली, एकेक रोप हाताने लावलं. बायका बांधावर थांबून हसायच्या. ती ऐकून घ्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वतःसाठी तिने मागितलेली ही पहिलीच जागा.

श्रावणात तिचा भाऊ ललित याच्या धुळ्याच्या घराची वास्तुशांती आली. ती पाच दिवस गेली. जाताना दहादा बजावलं, "बाग निंदायला बायका येतील. त्यांना कोपरा दाखवा, हात लावू देऊ नका." मी हो हो केलं. दुसऱ्याच सकाळी ठिबकची मोटर बंद पडली, ती घेऊन मी सावद्याला पळालो आणि सांगायचं साफ विसरलो.

संध्याकाळी परत आलो तर शेजारच्या गावाहून निंदायला येणाऱ्या बायकांची मुकादम हिराअक्का खुशीत समोर आली. "भाऊ, त्या कोपराम्हा निसता माका माजेल व्हता. बठ्ठं साफ करी टाकं."

तिला काय बोलणार? जन्मभर माका दिसला की काढायचा, हेच तिला ठाऊक. कामचुकार असती तर कोपरा वाचला असता. आमच्या नशिबी नेमकी चोख बाई. कोपऱ्यात काडी उरली नव्हती. सगळा माका पाण्याच्या चारीच्या कडेला ढिगाने पडला होता.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. लताला फोन लावायची हिंमत होईना. पुढचे दोन दिवस मी तो ढीग सोडवून एकेक काडी चारीतल्या चिखलात आडवी टाकत बसलो. वरून केळीची पानं झाकली. उपयोग काय होणार होता, पण नुसतं बसवेना. दुपारची भाकरी फडक्यात तशीच राहायची.

पाचव्या दिवशी ती आली. दारात पिशवी ठेवली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. माक्याचा रस बोटांना लागला की काळा पडतो, साबणाने जात नाही. मी हात पाठीमागे नेले, पण उशीर झाला होता.

"किती गेलं?" तिने विचारलं.

"बठ्ठं," मी म्हणालो. "मीच सांगायचं विसरलो."

ती शेताकडे निघाली. मी मागे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारीपाशी तिने पानं बाजूला केली, एक काडी उचलली. पेरापेराला दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटली होती. दुसरी उचलली, तिलाही. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तीस वर्षं उपटताय ना," ती म्हणाली, "मेला का एकदा तरी?"

मी बांधावर बसलो आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली. तिने पिशवीतून वास्तूचे लाडू काढून दिले आणि माझं तोंड भरलेलं असतानाच काड्या मोडून दाखवल्या. एकेका काडीचे चार-चार तुकडे, चार-चार रोपं.

"कोपऱ्यात मावणार नाही आता," ती म्हणाली. "वरच्या केळीच्या चार ओळी लागतील."

काळे हात मांडीवर ठेवून मी म्हटलं, "पाच घे."