उजवा डोळा

धाकटीला कुत्र्यांची भयंकर भीती, आणि पोटापाण्यासाठी ती काढायची कुत्र्यांचीच चित्रं. लहानपणी एकाने पोटरी फोडली होती, तेव्हापासून समोरून कुत्रं आलं की ती रस्ता बदलायची. फोटोतलं कुत्रं मात्र चावत नाही. रंगीत पेन्सिलींनी ती एकेक केस असा उतरवायची, की बघणाऱ्याला कागदावरून हात फिरवावासा वाटे.

बेकरीवाल्या काकांच्या कुत्र्याचं, भोपळ्याचं, चित्र मात्र अडलं होतं. ओलं नाक, कान, छातीवरची तांबूस लव, सगळं जमलं. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता कोरा कागद. प्रत्येक फोटोत तो डोळा फ्लॅशने हिरवा चकाकत होता. डोळ्यात गाठ झालेली, आणि डॉक्टर उद्या ऑपरेशन करून तो काढून टाकणार होते.

"डावा बघून भर की उजवा," ताई म्हणाली.

"काका म्हणतात, दोन्हींचा रंग वेगळा आहे. आणि या पेन्सिलीचा रंग एकदा कागदात बसला की धड खोडता येत नाही गं."

"मग जाऊन बघून ये."

 धाकटी पेन्सिली घेऊन निघाली.

बेकरीच्या मागच्या खोलीत भोपळ्या रिकाम्या पोत्यांवर पडला होता. ती उंबऱ्यातच थिजली.

"चावतो?"

"एरवी नाही," काका म्हणाले. "पण हल्ली दुखतं त्याला. खोटं कशाला बोलू? मी पट्टा धरतो."

ती हातभर अंतरावर बसली. भोपळ्या गुरगुरला. तरी तिने बघितलं. बुबुळ मधासारखं होतं, पण खालच्या कडेला राखाडी निळा डाग होता. त्या डागाचा रंग जुळवताना पेन्सिल बोटांतून निसटली आणि घरंगळत त्याच्या पंजाशी गेली.

काकांचे दोन्ही हात पट्ट्यावर होते. धाकटीने डोळे मिटले, हात पुढे केला. ऊन ऊन श्वास बोटांवर आला. गुरगुर वाढली, थांबली, आणि खरखरीत जीभ मनगटावरून फिरली.

पेन्सिल हातात आल्यावर तिला रडूच कोसळलं. काका भांबावले. "लागलं का, बाळ?"

"नाही. त्याला हलू देऊ नका, एवढंच."

दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या सकाळी, चित्र पुरं झालं. धाकटी फोनला हात लावेना; वाजला की ताईच उचलायची. दुपारी काकांचा आला. "गुंगीत आहे अजून. पण पावाचा वास आला की शेपूट हलवतोय."

संध्याकाळी तिने चित्र नेऊन दिलं. काका चित्रातल्या उजव्या डोळ्यावर वाकले. मग पिठाचे हात एप्रनला पुसत म्हणाले, "चित्राला काच बसवून घेतो. इथे धूळ फार."